कार्बन प्लेटच्या बुटांची पारख कशी करावी?

प्रश्न : अर्धमॅरेथॉन ९० मिनिटांच्या आत धावण्याची माझी तयारी चालू आहे. कार्बन प्लेटचा (तळात कार्बन तंतूंची ताठ पट्टी असलेला) बूट दुकानात दोन मिनिटे घालून पाहिला, तेव्हा तो चांगलाच उसळता वाटला. परंतु तेवढ्यावरून निर्णय घ्यावा का?

उत्तर १ : मुळीच घेऊ नये. उसळी मुख्यतः तळातील हलक्या पेबा फोमची (एका लवचीक प्लास्टिकच्या फोमची) असते. प्लेट कापून केलेल्या प्रयोगशाळेतील चाचणीतही ऊर्जेच्या बचतीत फारसा फरक पडला नव्हता. शर्यतीच्या वेगाने एकेक किलोमीटरचे सहा टप्पे जुन्या आणि नव्या बुटांत आलटून पालटून धावा आणि वेळेबरोबर नाडीचे ठोकेही टिपून ठेवा. वळणावर टाच आत कलते का, हे पाहण्यासाठी कोणाला तरी मागून चित्रीकरण करायला सांगा. माझा पहिला जोड तिथेच बाद झाला.

उत्तर २ : दुसऱ्या दिवशी पोटऱ्या किती दुखतात, हेही पाहावे. शिवाय वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावरील शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही व ताठ प्लेट एकापेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे सरावासाठीचा जाड बूट चुकून घेऊ नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मित्राचा माझ्याच मापाचा जोड आहे. रविवारी तोच मागून घेऊन सहा टप्पे धावतो.