अनुभव धागा: तांबी, गोळ्या, ऑपरेशन आणि "मिस्टर कुठायत?"

पाळणा लांबवायचा, थांबवायचा किंवा राहिलेले दिवस पुढे न्यायचे नाहीत, यातलं काहीही ठरवून बाई दवाखान्यात गेली की पहिला प्रश्न तब्येतीचा येईलच असं नाही. "मिस्टर कुठायत?" हा मात्र हमखास येतो. सोसलेलं लिहाच, पण मला जास्त रस आहे तो कोण कुणासाठी अडून बसलं आणि काय पदरात पाडून घेतलं, यात. डॉक्टर-दवाखान्यांची नावं नकोत. औषधांचे डोस इथे विचारू नका, सांगूही नका.

माझ्यापासून सुरुवात. धाकट्यानंतर तांबी बसवायला सरकारी दवाखान्यात गेले. सिस्टर म्हणाल्या, मिस्टरांची सही आणा. मिस्टर तेव्हा जहाजावर. सोबत नणंद होती, तहसीलमध्ये कारकून. ती आवाज न चढवता म्हणाली, "सही लागते असं लेखी द्या." सिस्टर आत गेल्या, बाहेर आल्या आणि तांबी बसली. सही लागतच नाही. तांबीला नाही आणि बाईच्या नसबंदीलाही नाही. सरकारच्याच मार्गदर्शक सूचना आहेत तशा.

रानजाई (आशा, नगर जिल्हा)

माझ्या पिशवीत निरोध, माला-एन, छाया सगळं असतं आणि फुकट असतं. उघड मागायला कोणी येत नाही. गिरणीत गाठतात, नळावर गाठतात. छाया ही पाळणा लांबवायची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मी रविवार-बुधवार सांगते, आमचा बाजार बुधवारचा, त्यामुळे विसर पडत नाही.

एकीने पाकीट तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेलं. सासूने तांदूळ निवडायला घेतले आणि झालं, मला बोलावणं. आधी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, बोलू का? ती हो म्हणाली. मग सासूला म्हटलं, आत्याबाई, पोरगं अजून अंगावर पितंय, हिचं रक्त आठवर आलंय, लगेच दुसरं राहिलं तर बाळंतपणात कोण निस्तरणार? रक्ताचा कागद पुढे धरला. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण आकडा ओळखला तिने. गोळ्या चालू राहिल्या.

'अंतरा' हे दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं इंजेक्शन, तीन महिन्यांतून एकदा. पाकीट नाही, गोळी नाही, म्हणून लपवायला सोपं वाटतं. पण त्याने पाळी पुढेमागे होते, काहींची थांबतेच. ज्या घरात अजून बाजूला बसायची रीत आहे तिथे सुनेची तारीख घरातल्या पोराटोरांनाही पाठ असते. दोन महिने बसली नाही की सासू पेढ्यांची भाषा करायला लागते. म्हणून सुई द्यायच्या आधी मी विचारते, घरात शिवाशिव पाळतात का? ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं.

कटिंगचहा (पुणे)

मी रूममेटसोबत गेले होते. तिचं लग्न झालेलं नाही. दिवस राहिलेले, सहा आठवडे. पहिल्या डॉक्टरीणबाईंनी "आईला घेऊन ये" म्हणून परत पाठवलं. मुलगी सव्वीस वर्षांची! दुसरीकडे जाताना मी कागद छापून नेले. गर्भपाताचा कायदा 1971 चा. 2021 च्या दुरुस्तीत 'विवाहित स्त्री व तिचा पती' जाऊन 'स्त्री व तिचा जोडीदार' असं झालं. साधन फसलं हे कारण आता अविवाहितेलाही चालतं. 20 आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरतं. काही ठरावीक बायकांना असलेल्या 20 ते 24 आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहितांना वगळता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलं. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते, आणि तिचं नाव फोडणं हा गुन्हा आहे.

कागद बाहेर काढावेच लागले नाहीत. या दुसऱ्या बाई भल्या निघाल्या. मात्र रिसेप्शनवरच्या माणसाने फॉर्मवरचा 'पतीचे नाव' हा रकाना रिकामा बघून तिचं नाव भर गर्दीत दोनदा पुकारलं, तेव्हा मी उठून त्याच्या टेबलाशी गेले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मेडिकलवाला

काउंटरच्या या बाजूचंही ऐका. संबंधानंतर 72 तासांत घ्यायची गोळी मी चिठ्ठीशिवाय देतो, ती तशी देता येते. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, त्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागतेच. पण खरं सांगायचं तर चिठ्ठी असली तरी आमच्या गावात त्या कुणी ठेवत नाही. मुलींचे गर्भ पाडण्याची प्रकरणं गाजली, तपासण्या सुरू झाल्या, एकेका पाकिटाचा हिशेब द्यायची वेळ आली आणि दुकानदारांनी माल ठेवणंच सोडलं. यात तर्क नाही. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळायला त्याच्या पुढे जावं लागतं. इन्स्पेक्टरला हे समजावून बघितलं, ते म्हणाले तुम्ही हुशार आहात. मी अजूनही ठेवत नाही.

भैरवनाथ (कोल्हापूर)

माझी नसबंदी झालीय. बिनटाक्याची, जेवायला घरी. बायकोची दोन सिझेरियन झाली होती, तिसऱ्यांदा तिचंच पोट कशाला? आईने आठवडाभर अबोला धरला. तिच्या मते कमावता माणूस निकामी झाला. मित्रांनी जे विनोद केले ते ऐकून मीच हसलो, चांगले होते. एक गोष्ट मात्र कुणी नीट सांगत नाही: लगेच मोकळीक नसते, तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून घ्यायची. देशाच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या बायकांचा हिशेब बघा: बाईचं ऑपरेशन 37.9 टक्के आणि पुरुषाचं 0.3. भावकीतल्या दोघांना मी स्वतः गाडीवरून नेलंय. तिसरा कॅम्पच्या फाटकातून पळाला.

ऊसतोडीवालं लेकरू (बीड)

इथे सगळे मूल थांबवण्याबद्दल बोलतायत. आमच्याकडे गर्भपिशवीच काढतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून बाई डॉक्टरकडे जाते आणि "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल" असं ऐकून येते. दोन लेकरं झालीत, ऑपरेशन झालंय, आता पिशवीचं काय काम, असा हिशेब. 2019 मध्ये बोंब झाल्यावर सरकारी समितीने पाहणी केली. 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली.

माझ्या मावशीची पस्तिशीच्या आत काढली. आता हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढताना पाय लटपटतात. उचल फिटलेली नाही, उलट ऑपरेशनच्या कर्जाने वाढली. गावात आता आम्ही चार-पाच जणी एवढंच करतो: कुणाला पिशवी काढायला सांगितलं की आधी जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला नेतो. बऱ्याच जणींना नुसतं इन्फेक्शन निघतं, गोळ्यांनी बरं होणारं. संततिनियमनाइतकाच हाही हक्काचा प्रश्न आहे. कृपया धाग्याच्या नावात घ्या.

सदाफुली (डब्लिन)

सविता हलप्पनवार बेळगावची. ऑक्टोबर 2012 मध्ये इथे आयर्लंडमधल्या गॅल्वेच्या इस्पितळात गेली, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं, पण त्याचे ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. माझी आई बेळगावची, तिचे फोनवर फोन, "तिथे मूल होऊ देऊ नकोस."

गर्भपातावरची बंदी उठवायची का, यावरच्या 25 मे 2018 च्या सार्वमतात मत देण्याचा हक्क फक्त आयरिश नागरिकांना होता, माझ्याकडे तो पासपोर्ट नव्हता. म्हणून पत्रकं वाटली. एका आजोबांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि "तुमच्याकडची ती मुलगी..." एवढंच म्हणून पत्रक घेतलं. 66.4 टक्के लोकांनी बंदी उठवायला होकार दिला. गर्भपात मागितल्यावर तीन दिवस थांबण्याची अट अजून आहेच.

जुनेजाणते

हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. आपल्या संस्कृतीत...

रानजाई

काका, तुमच्या संस्कृतीत गिरणीच्या मागे उभं राहून बायका माझ्याकडे काय मागतात ते येऊन ऐका एकदा.

कटिंगचहा

@जुनेजाणते, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते 1921 साली, आणि प्राध्यापकी गमावली. 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले. 1938 मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही पडला. खूळ असेल तर घरचंच आहे.

नवीन_सदस्य

मैत्रिणीसोबत उद्या जायचंय. काय काय न्यायचं?

कटिंगचहा

वयासाठी ओळखपत्र, आधीचे रिपोर्ट असतील तर ते, पॅड, पाणी. संमतीपत्र मराठीत मागा, सही फक्त तिची. दुसऱ्या कुणाची मागितली तर सूत्रधारताईंच्या नणंदेचं वाक्य वापर. व्यक्तिगत निरोप करते, शहर सांग.