लाखेच्या रेकॉर्डी पार्सलमध्ये फुटतात: पॅकिंग कुठे चुकतंय?

धंतोली_७८
नमस्कार मंडळी. घरातल्या १० इंची ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) साठेक रेकॉर्डी आणि २० एलपी ऑनलाइन विकायला काढल्यात. पहिलं पार्सल ९ तबकड्यांचं, नागपूरहून पुण्याला कुरिअरने. पोचल्या तेव्हा ४ फुटलेल्या. पॅकिंग असं होतं: प्रत्येक रेकॉर्ड तिच्या कागदी पाकिटात, नऊंची एक चळत, भोवती बबल रॅपचे तीन वेढे, खोक्यात आडवी ठेवून वर चुरगाळलेलं वर्तमानपत्र. चारही बाजूंनी लाल शाईत 'काच सामान, सांभाळून'. फुटलेल्या सगळ्या तळाकडच्या. दोन मधोमध दुभंगल्यात, दोघींच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा गेलाय.

चुकलं कुठे? पुढची पार्सलं पोस्टाने पाठवू की कुरिअरनेच? विमा काढला नव्हता, त्यामुळे कुरिअरवाला १०० रुपयांवर हात झटकतोय आणि घेणारे पैसे परत मागताहेत. शिवाय मे लागलाय, एलपी आत्ता पाठवू का?

पुठ्ठापुराण
भाऊ, तुकडेच सगळं सांगून राहिले. मधोमध दुभंगली म्हणजे वाकली. कडेचा तुकडा गेला म्हणजे कडेवर आपटली. दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

७८च्या रेकॉर्डीत लाख असते ती फक्त चिकटवायला, बाकी बराचसा माल दगडाची भुकटी. त्यामुळे ती कौलासारखी वागते, तिला वाकणं माहीतच नाही. १० इंची तबकडी साधारण सव्वादोनशे ग्रॅमची, म्हणजे नऊंचं ओझं दोन किलो. ते तळच्या रेकॉर्डीवर, आणि तिच्या खाली काय तर बबल रॅप. चार फुगे फुटले, चार नाही, की रेकॉर्ड अर्धी अधांतरी. वरून दुसऱ्या कुणाचं मिक्सरचं खोकं आदळलं की खेळ खलास. बबल रॅप धक्का खातो, आधार देत नाही. आधार पुठ्ठ्याचाच.

५ प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचे १२ बाय १२ इंचाचे चौकोन कापा. रेकॉर्ड १० इंची, म्हणजे चारही बाजूंना एकेक इंच पुठ्ठा बाहेर राहतो आणि आपटला तर तो आपटतो, रेकॉर्ड नाही. एका गठ्ठ्यात पाचच. दोन रेकॉर्डींमध्ये ३ प्लायचा एकेक चौकोन, आणि प्रत्येक पाकीट त्याच्या चौकोनावर बरोबर मध्यभागी कागदी टेपने चिकटवायचं, नाहीतर ती सरकत सरकत कडेला येते आणि तो एक इंच फुकट जातो. पाकिटांची तोंडं एकीचं उजवीकडे, एकीचं डावीकडे. गठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना ५ प्लायचे दोन-दोन चौकोन, त्यातला एक फिरवून लावायचा, म्हणजे पुठ्ठ्यातल्या नळ्या एकात उभ्या आणि एकात आडव्या येतात. एकाच दिशेच्या नळ्या असतील तर दोन पुठ्ठेही पापडासारखे घडी होतात. मग दोन्ही दिशांनी टेप. घट्ट, पण पुठ्ठ्याची कड दबेल इतका नाही.

गठ्ठा कानाशी धरून हलवा. कागद सरकल्याचा जरी आवाज आला तरी परत उघडा.

असे दोन गठ्ठे ३३ × ३३ × १० सेंटिमीटरच्या आतल्या खोक्यात, आणि ते ४३ × ४३ × २० च्या बाहेरच्या खोक्यात, सगळीकडून ५ सेंटिमीटर गादी सोडून. गादी वर्तमानपत्राच्या घट्ट गोळ्यांची. थर्माकोलचे दाणे टाकू नका, ते हादऱ्यांनी खाली बसतात आणि खोकं प्रवासात हळूहळू तळाला टेकतं. खोकी गांधीबागेतल्या कापडवाल्यांकडे मिळतात, फक्त कोपरे दबलेलं घेऊ नका. संत्र्याची पेटी तर मुळीच नको. तिला हवेसाठी भोकं असतात, त्यातून पावसाचं पाणी थेट आत.

आता खर्च. खरं वजन चारेक किलो भरेल, पण बहुतेक कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची भागिले ५००० धरतात. ४३ × ४३ × २० म्हणजे ३६,९८० घन सेंमी, भागिले ५०००, ७.४ किलो. बिल आठचं येणार. किंमत सांगतानाच हे धरा. मग दोनशे रुपये वाचवायला खोकं लहान करायचा मोह होतो, आणि फुटतं ते तिथंच.

'काच सामान' लिहिलंत त्याचा उपयोग शून्य. पार्सल पट्ट्यावरून घसरतं, पट्टा वाचत नाही.

नवतपा_नको
एलपीचं मी सांगते. लाखेची रेकॉर्ड फुटते, एलपी वाकते. एलपी पीव्हीसीची, साठेक अंशांच्या आसपास नरम पडायला लागते. नागपुरात बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या बंद पत्र्याच्या गाडीत आत साठच्या पुढे सहज जातं. त्यात आडवी ठेवलेली, वर ओझं, की थाळीसारखा खोलगटपणा कायमचा. कड लाटेसारखी झाली तर सुई उड्या मारते आणि घेणारा म्हणतो रेकॉर्ड खराब दिली. त्याचंही चूक नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर नकोच, जूनचा पाऊस लागू द्या. थांबणं शक्यच नसेल तर सोमवारी सकाळी टाका, म्हणजे रविवारभर गोदामात अडकणार नाही.

पॅकिंगमध्ये एक गोष्ट सगळे विसरतात: एलपी जॅकेटमधून, म्हणजे बाहेरच्या छापील पाकिटातून, बाहेर काढा. आतल्या पाकिटासकट जॅकेटच्या मागे ठेवा आणि दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीत. आतच राहू दिली तर पार्सल उभं आपटल्यावर रेकॉर्डीची कड जॅकेटची शिवण उसवते, आणि घेणारा अर्धे पैसे जॅकेटचेच देत असतो. जुनी जाड चकचकीत पीव्हीसीची कव्हरं असतील तर काढून टाका. वर्षानुवर्षं चिकटून राहिली की रेकॉर्डीवर धुरकट डाग येतो, तो पुसून जात नाही. साधं पॉलिथिन बरं.

रेकॉर्डवाला_इतवारी
एक टीप. पाठवण्याआधी स्पिरिटने पुसून घ्या, फोटोत काळीभोर चमकते. भाव चांगला येतो.

पुठ्ठापुराण
अरे बापा, थांबा! एलपी असेल तर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल बेताने चालतं, ७८ला कधीच नाही. सुतार फर्निचरचं पॉलिश कशाचं बनवतो? लाख स्पिरिटात विरघळवून. तुम्ही रेकॉर्डीचं तेच कराल, खाचाच जातील. ७८ला साध्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ फडकं, खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. लगेच पुसा. बस.

दावा_दाखल
भरपाईबद्दल. पावतीवर तुमची सही असेल तर मागे छापलेली शंभर रुपयांची मर्यादा सहसा आड येते. कुरिअरच्या अशाच अटीला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मान्यता दिलेली आहे. पण सही घेतलीच नसेल, अट दाखवलीच नसेल, तर मुद्दा लढवता येतो. पार्सल रस्त्याने गेलं असेल तर २००७च्या कॅरेज बाय रोड कायद्याचं कलम १६ बघा: बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर पुढे दावाच करता येत नाही. फोनवर भांडण्यात तीन महिने घालवू नका, आधी नोटीस पाठवा.

नंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते. मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मात्र रेकॉर्डी घरच्या होत्या, विक्री हा धंदा नाही, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. समोरचा पहिला आक्षेप त्यावरच घेतो.

घेणाऱ्याचे पैसे मात्र तुम्हीच द्या, चारचे. कुरिअर तुम्ही निवडलं, ते भांडण तुमचं. त्यांना खोकं, पुठ्ठे, तुकडे काहीच टाकू नका म्हणावं. लेबल दिसेल असा तुकड्यांचा फोटो आणि बाहेरून खोक्याच्या सहा बाजूंचे फोटो मागवा. पुढच्या वेळी पावती क्रमांक दिसतोय अशा जागेपासून सुरू होणारा, न कापलेला उघडण्याचा व्हिडिओ ही अट विक्रीच्या वेळीच ठरवा.

पोस्ट की कुरिअर? पोस्ट, पण विम्यासकट. विमा नसेल तर पोस्टाची भरपाईही नाममात्रच असते. रजिस्टर्ड सेवा २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट आणि विमा असंच सांगा.

परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर जपून. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती बाहेर पाठवायला बंदी आहे. आपल्याकडे तबकड्यांवरचं ध्वनिमुद्रण १९०२पासून सुरू झालं, म्हणजे सुरुवातीच्या तबकड्या त्यात येऊ शकतात. शंका असेल तर आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र.

आणि कुणी 'पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणालं तर ब्लॉक. पैसे यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही.

धंतोली_७८
सगळ्यांचे आभार. नोटीस उद्याच टाकतो, चारचे पैसेही परत करतो. एकच राहिलं: उरलेल्यांपैकी काहींना आधीच बारीक चीर असली तर फोटोत दिसत नाही. ती आधी कशी ओळखायची?

पुठ्ठापुराण
मधल्या भोकात बारीक काडी घालून रेकॉर्ड लटकती धरा, कड कशालाही लागू द्यायची नाही. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा, चार ठिकाणी. धड असेल तर खणखणीत वाजते. चीर असेल तर आवाज बसका येतो किंवा बारीक चरचर येते, माठ घेताना वाजवून बघतो ना, तसंच. मग बल्बच्या तिरक्या उजेडात कडेपासून आत बघा, चीर बहुतेकदा कडेलाच सुरू होते. सापडली की तिथेच फोटो काढा आणि वर्णनात लिहा, 'कडेपासून अमुक सेंटिमीटर चीर, सुई अडकत नाही'. अशी रेकॉर्ड पाचाच्या गठ्ठ्यात घालू नका, वेगळ्या दोन पुठ्ठ्यांत एकटीच पाठवा.