शब्दचर्चा: ‘आरोपी’ कधी होतो आणि ‘गुन्हेगार’ कधी ठरतो?

विचारणा – मुद्रितशोधक

जिल्ह्याच्या एका दैनिकात मी मुद्रितशोधन करते. परवा रात्री पान सोडायच्या घाईत एक बातमी हाताखालून गेली: ‘अट्टल चोरट्याला बेड्या, संशयित आरोपीची गुन्ह्याची कबुली, न्यायालयाने सुनावली पाच दिवसांची पोलीस कोठडी.’ ऱ्हस्वदीर्घ सगळं बरोबर होतं, म्हणून पान पुढे गेलं. घरी आले आणि मग एकेक शब्द टोचायला लागला. पोराला पकडून एक दिवस झालेला, तो ‘अट्टल’ कुणी ठरवला? ‘संशयित’ आणि ‘आरोपी’ एका दमात कसे येतात? आणि कोठडी ‘सुनावतात’ का? माझ्या कानाला तर शिक्षा सुनावतात. हे शब्द नेमके कुठे वापरायचे, जाणकारांनी सांगावं. वाचक आमच्याकडूनच हे शब्द शिकतात.

तालुका कोर्टातला वकील

ताई, तुमच्या कानाला टोचलं ते अगदी बरोबर टोचलं. शिक्षा सुनावतात, निकाल सुनावतात. कोठडी देतात, मंजूर करतात किंवा वाढवतात. खटला उभाही राहिलेला नसतो, तिथे सुनावण्यासारखं काही नसतंच. या एका क्रियापदाने माणूस अर्धा दोषी होऊन जातो.

खालच्या पायरीपासून सुरुवात करतो. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा लिहिली जाते ती ‘खबर’. कागदाचं नावच प्रथम खबर अहवाल (एफआयआर). खबर म्हणजे बातमी, कुणीतरी येऊन सांगितलेली गोष्ट. ती खरी की खोटी, हे अजून कुणी तपासलेलं नाही. पण आपण बोलताना म्हणतो, ‘त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.’ हा ‘गुन्हा’ मराठीत तीन-तीन कामं करतो. घडलेलं कृत्य गुन्हा, ठाण्यातली नोंदही गुन्हा (कागदावर ‘गु.र.नं.’, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, असतो तो), आणि कोर्टातली केसही गुन्हाच. ‘माझ्यावर दोन गुन्हे आहेत’ असं एखादा सांगतो, तेव्हा त्याने दोन गुन्हे केलेत की त्याच्याविरुद्ध दोन नोंदी आहेत, हे वाक्यातून कळत नाही. ऐकणारा मात्र पहिलाच अर्थ घेतो. ‘गुन्ह्याची नोंद झाली’ किंवा ‘अमक्याविरुद्ध तक्रार नोंदवली’ असं लिहिलं तर जागा थोडी जास्त लागेल, पण ती द्यावी.

पुढे तपास होतो आणि पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात. हे पत्र पोलिसांचं. त्यावरून दोष ठेवायचा की नाही ते न्यायाधीश ठरवतात, त्याला दोषारोप निश्चित करणं म्हणतात. या दोन टप्प्यांची बातम्यांत सर्रास सरमिसळ होते. दोषारोप वाचून दाखवला जातो आणि विचारलं जातं, ‘गुन्हा कबूल आहे का?’ पिंजऱ्यातला माणूस बहुतेक वेळा खाली बघत म्हणतो, ‘नाही कबूल.’ खटला तिथून सुरू होतो. साक्षीपुरावा आणि युक्तिवाद होऊन दोष सिद्ध झाला, तरच तो त्या कृत्यापुरता गुन्हेगार. म्हणूनच तुरुंगाच्या दप्तरी दोन वेगळे शब्द आहेत: न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी. पहिल्याला लोक कच्चा कैदी म्हणतात.

संस्कृतची शिक्षिका

‘आरोपी’ या शब्दाबद्दल थोडं सांगते, कारण वर्गात मुलं हे हमखास विचारतात.

आरोप म्हणजे वर चढवणं, एका वस्तूवर दुसरी ठेवणं. धनुष्याला दोरी चढवतात तेही आरोपण, आणि वेदान्तात दोरीवर साप भासतो त्याला अध्यारोप म्हणतात. साप तिथे नसतो, तो आपण दोरीवर ठेवलेला असतो. मग दिवा आणून बघितलं की दोरी दिसते. आरोप या शब्दाच्या पोटातच हे आहे की ठेवलेली गोष्ट त्या माणसात असेलच असं नाही, दिवा आणावा लागतो.

दुसरी गंमत व्याकरणाची. संस्कृतच्या हिशेबाने ‘आरोपी’ म्हणजे आरोप करणारा. ज्याच्यावर आरोप झाला तो ‘आरोपित’. मराठीने अर्थ उलटा केला. शेजारीच बसलेला ‘फिर्यादी’ बघा: तोही ईकारान्त, पण तो फिर्याद करणारा. कोर्टात फिर्यादी करतो आणि आरोपी भोगतो. रूप एकच, दिशा विरुद्ध.

मुद्रितशोधक

बाई, मग आम्ही ‘आरोपित’ लिहायला लागावं का?

संस्कृतची शिक्षिका

नको गं. रूढीपुढे व्याकरणाने गप्प बसावं. ‘आरोपी’ सगळ्यांना कळतो, कोर्टाच्या कागदांतही तोच आहे. मात्र ‘संशयित आरोपी’ नको. नाव कागदावर यायच्या आधी ‘संशयित’, आल्यावर ‘आरोपी’. दोन्ही एकत्र लिहून सावधपणा दाखवल्यासारखं वाटतं, पण पुढच्याच ओळीत ‘अट्टल’ आलं की तो सावधपणा गेलाच.

पोलीस खात्यातून निवृत्त

आमच्या भाषेतले दोन शब्द सांगतो. ‘तपासात आरोपी निष्पन्न झाला’ हे आम्ही स्टेशन डायरीत हजारदा लिहिलं. त्याचा अर्थ एवढाच की तपासात त्याचं नाव पुढे आलं. बाहेरचा माणूस ‘निष्पन्न’ वाचतो आणि त्याला वाटतं, सिद्धच झालं.

दुसरा शब्द ‘ताब्यात’. ‘चौकशीसाठी ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ यांत फार अंतर आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. अटकेचं कारण सांगावं लागतं, त्याच्या पसंतीचा वकील भेटू द्यावा लागतो. ‘ताब्यात’ लिहून ठेवलं की घड्याळ सुरू झालं की नाही यावर पुढे वाद घालता येतो. मी नोकरीत असताना हा शब्द सोयीचा म्हणून वापरला जायचा, आणि ते चूक होतं. बातमीदाराने निदान विचारावं: अटक किती वाजता दाखवली? सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातल्या निकालानंतर अटकेच्या कागदावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही सक्तीची आहे. म्हणजे उत्तर कागदावर असतंच.

आणि ‘बेड्या ठोकल्या’ लिहू नका. बेडी पायात असते, हातात असते ती हातकडी. शिवाय सरसकट हातकडी घालू नये असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात) ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी तशी मुभा आहे, पण म्हणून प्रत्येक अटकेला बेड्या होत नाहीत.

तालुका कोर्टातला वकील

साहेबांनी मोकळेपणाने लिहिलं, आनंद झाला. आता ‘कोठडी’वर येतो. हा शब्द माझ्या मनात बरीच वर्षं रुतून बसलाय.

गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या यादीत मी नवाच होतो. ऊसतोड करणाऱ्या कुटुंबातल्या एका पोराचं रिमांड होतं, म्हणजे कोठडीसाठी त्याला कोर्टापुढे उभं केलं होतं. पोलिसांनी आणखी चार दिवस मागितले. न्यायाधीशांनी ते नाकारून न्यायालयीन कोठडी दिली. बाहेर व्हरांड्यात त्याची आई स्टीलचा डबा पोटाशी धरून उभी होती. मी आनंदाने म्हणालो, ‘मावशी, एमसीआर झाला!’ तिला काहीच कळेना. मग समजावून म्हणालो, ‘न्यायालयीन कोठडी मिळाली.’ ती होती तिथे भिंतीला टेकून खाली बसली. डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘किती वर्सांची?’

त्या दिवशी कळलं की आम्ही पोलीस कोठडीला पीसीआर आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर म्हणतो ती लोकांची भाषा नाही, आणि ‘कोठडी’ ही तर त्यांच्या भाषेत शिक्षाच आहे. मी तिच्याशेजारी खाली बसून सांगितलं: पोलीस कोठडीत पोराचा ताबा पोलिसांकडे असतो, न्यायालयीन कोठडीत तो तुरुंगात असतो आणि पोलीस उठसूट त्याच्याशी बोलू शकत नाहीत. आता जामिनाचा अर्ज टाकता येईल, म्हणून ही चांगली बातमी आहे. तिने डबा उचलला आणि विचारलं, ‘मग ह्यो आता त्याला पोचंल का?’

नियम असा: पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे हे १५ दिवस सलग नसले तरी चालतात. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यांनी मागता येतात. आणि ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. कोर्टाने दया दाखवली असा त्याचा अर्थ नाही. बातमीत ‘तांत्रिक कारणाने सुटला’ असं लिहिलेलं वाचतो तेव्हा वाईट वाटतं. तपासाला मुदत घालून दिलीय ती माणूस विनाचौकशी कुजू नये म्हणून.

सातारकर वाचक

जामिनावरून एक शंका. आमचे आजोबा म्हणायचे, ‘त्या व्यवहाराला मी जामीन आहे.’ म्हणजे जामीन हा माणूस. आता ‘जामीन मिळाला’ म्हणजे सुटका. हे कसं काय?

तालुका कोर्टातला वकील

आजोबांचाच अर्थ मूळचा. जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस. शब्द अरबीतून आला. ‘जामीन राहणे’ या प्रयोगात तो अजून जिवंत आहे. नंतर हमीदाराला ‘जामीनदार’ म्हणायला लागले आणि ‘जामीन’ सुटकेला चिकटला. पण कोर्टात अजून तो माणूस लागतोच: सात-बारा घेऊन येणारा, तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढणारा. ज्याच्या ओळखीत सात-बारावाला कुणी नाही, त्याला जामीन ‘मंजूर’ होतो पण ‘मिळत’ नाही. बातमीदारांनी हा फरक जरूर ठेवावा. आदेश झाल्यावरही कितीतरी माणसं आतच असतात.

मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ हमी द्यायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे स्वतःच स्वतःची हमी लिहून देणं. ‘जातीने लक्ष घातलं’ म्हणतो त्यातलीच ही ‘जात’: स्वतः, खुद्द. जन्माच्या जातीशी तिचा संबंध नाही, हे पक्षकारांना मी दर वेळी सांगतो. एकाने घाबरून विचारलं होतं, ‘जातीचा दाखला आणू का?’

नव्या संहितेत आणखी एक तरतूद आहे, कलम ४७९. पूर्वी कधीच दोषी न ठरलेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ खटला संपायच्या आधीच आत राहिला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तरी हे लागू नाही.

मुद्रितशोधक

आणि ‘कबुली’? ती बातमीत रोज असते.

तालुका कोर्टातला वकील

ती पोलिसांसमोरची असेल तर मथळ्यात घालूच नका. मकोकासारखे (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) विशेष कायदे सोडले तर पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे होतं, २०२३च्या साक्ष्य अधिनियमातही आहे. त्या कबुलीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग वेगळा. घटनेचा अनुच्छेद २० तर आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडूच देत नाही. म्हणून ‘आरोपी तपासात सहकार्य करत नाही’ हे वाक्यही जपून लिहावं. गप्प राहणं हा त्याचा हक्क असू शकतो. पोलिसांपुढे होतो तो ‘जबाब’, कोर्टात शपथेवर होते ती ‘साक्ष’. जबाबाला साक्ष म्हणू नये.

संस्कृतची शिक्षिका

भाषेचाच आणखी एक मुद्दा. नागपूरच्या हरिकिसन यांना स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी हिंदी भाषांतर मागितलं, ते मिळालं नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाला न समजणाऱ्या भाषेत कारणं देणं म्हणजे ती न देणंच. ती स्थानबद्धता होती, म्हणजे खटल्याशिवाय, पुढचं टाळण्यासाठी आत ठेवणं. ‘अटक’ आणि ‘स्थानबद्ध’ हेही एकमेकांच्या जागी टाकू नयेत.

तालुका कोर्टातला वकील

बाई, हे आठवण करून दिलंत ते फार बरं झालं. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबतही तेच सांगितलं: कारणं लेखी द्या, आणि त्याला समजेल अशा भाषेत द्या. त्या क्षणी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभं करायच्या निदान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे.

मुद्रितशोधक

सगळ्यांचे आभार. काल तशीच एक बातमी आली, ती अशी लिहून बघितली: ‘चोरीच्या प्रकरणात तरुणाला अटक; पाच दिवसांची पोलीस कोठडी.’ उपसंपादक म्हणाले, मथळा फिका वाटतो. मी म्हटलं, एवढंच घडलंय. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पान सोडलं. आता एक नवीन अडचण आली आहे. दोषारोप ठेवण्याआधीच कोर्टाने सोडलं तर आम्ही ‘दोषमुक्त’ लिहितो, खटला चालून सुटला तर ‘निर्दोष मुक्तता’. पण संशयाचा फायदा देऊन सोडलं तर ‘निर्दोष’ म्हणावं का? उपसंपादक नको म्हणतात.

तालुका कोर्टातला वकील

म्हणावं. संशयाचा फायदा हा निकालाचा कमी दर्जाचा प्रकार नाही. दोष सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची होती आणि ती त्यांना पार पाडता आली नाही. घरी जाणाऱ्या माणसाच्या नावापुढे ‘निर्दोष’ हाच शब्द लावा, आणि अटकेची बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर छापा.