धागा: मनाचा कौल की कार्डावरचा शिक्का?

निर्मळचा_तलाव
परवा इथे एक पोस्ट फिरत होती: ‘चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पाप आणि बंधन शिकवणं म्हणजे त्यांचं स्वातंत्र्य काढून घेणं. ख्रिस्ती धर्मशिक्षणातल्या, बायबलमधल्या दहा आज्ञा बंद करा, मुलांना फक्त मनाचा कौल ऐकायला शिकवा.’ खाली टाळ्यांवर टाळ्या. गप्प बसणार होतो, पण राहवत नाही.

मनाचा कौल आणि सदसद्विवेकबुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे बुद्धीनं दिलेला निवाडा: ही कृती, आत्ता, या ठिकाणी बरी की वाईट. मनाला वाटतं ती फिर्याद. फिर्यादीलाच निकाल म्हणायला शिकवलं, तर मुलं मोकळी होत नाहीत, जो मोठ्यानं ओरडेल त्याची होतात.

आणि हवं ते निवडता येणं ही स्वातंत्र्याची पहिली पायरी. विहिरीत उडी मारायला सगळेच मोकळे. पोहायला मोकळा तोच, ज्यानं श्वास कधी घ्यायचा हे महिनाभर नाकातोंडात पाणी घालून शिकून घेतलंय.

आता आपली, शिकवणाऱ्यांची चूकही सांगतो. १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ घ्या, तिसरा भाग उघडा. स्वातंत्र्य परिच्छेद १७३० ला सुरू होतं. मग कृतींची नैतिकता, सदसद्विवेकबुद्धी, सद्गुण, पाप. दहा आज्ञा येतात २०५२ ला, तीनशेहून जास्त परिच्छेद उलटल्यावर. आपण पहिल्याच रविवारी आज्ञा घेतो आणि स्वातंत्र्य वेळ उरला तर.

मोकळा_श्वास
ती पोस्ट माझी नाही, पण टाळी माझी होती. विहीर छान. फक्त विहिरीच्या काठावर कुणी हजेरीचं कार्ड घेऊन उभं नसतं.

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या कन्फर्मेशन संस्काराच्या मुलांची कार्डं बघितलीत? दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना झाली की शिक्का. शिक्के कमी पडले तर संस्कार पुढच्या वर्षी. परिणाम काय? शिक्का शेवटी मिळतो, म्हणून पोरं मिस्सा संपत आली की, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी उगवतात. एक पोर चार कार्डं घेऊन येतं, बाकीचे तिघे मैदानावर. स्वातंत्र्यावर तीनशे परिच्छेद घ्या नाहीतर तीन हजार, मुलं कार्डाकडूनच शिकणार.

नववी_ब
दोघेही हवेत बोलताय. वर्गात अडतं कुठे ते सांगते.

मुलांच्या डोक्यात एकच ढीग असतो: खोटं बोलू नये, शुक्रवारी मटण खाऊ नये, रविवारी मिस्सा चुकवू नये. सगळं सारखंच ‘पाप’. तो ढीग आधी फोडावा लागतो. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी मांस वर्ज्य हा ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा कायदा. १४ पूर्ण झाल्यावर लागू, आणि ख्रिस्तसभा तो बदलू शकते. उपवास तर १८ पूर्ण झाल्याशिवाय नाहीच. खोटी साक्ष मात्र पोपनाही चालू करता येत नाही. हे एकदा कळलं की मुलं विचारतात, ‘मग कशाला बांधलेलो आहोत आणि का?’ हा प्रश्न येईपर्यंत पुढे जायचं नाही.

मग प्रसंग. गोळीबार-तस्करीवाले प्रसंग नकोत, शाळेतल्या प्रयोगांचं जर्नल घ्या. दोलकाचा प्रयोग. २० आंदोलनांचा वेळ एकीनंच मोजला, ४० सेकंद. दुसरीनं तोच उतरवला. तिसरीनं संशय नको म्हणून ४०.३ केला. फळ्यावर एक वाक्य लिहायचं: त्या दोघींनी काय केलं? अट अशी, की ‘म्हणून’, ‘साठी’, ‘कारण’ हे शब्द वापरायचे नाहीत. मुलं आधी लिहितात ‘वेळ वाचवला’. तो हेतू झाला, पुसा. ‘बाईंनी आजच मागितलं होतं’, ही परिस्थिती, पुसा. दहाएक मिनिटांनी कुणीतरी लिहितं: ‘न मोजलेला आकडा मोजल्याचं दाखवलं.’ ही झाली कृती. आता हेतू आणि परिस्थिती परत आणा आणि विचारा, या दोन्हींनी दोष कमी-जास्त होतो का? होतो. कृती बरी होते का? नाही. दशांश चिन्हापुढचा तो ३ म्हणजे पूर्ण जाणीव, हे बहुतेक वेळा मुलंच शोधतात. आणि तरी हे महापाप नाही हेही सांगायचं. त्याला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती, तिन्ही लागतात.

तास बिघडतो एकाच ठिकाणी: शिक्षक पाचव्या मिनिटाला निकाल देतात. त्यानंतर मुलं विचार करत नाहीत, बाईंना काय हवंय ते ओळखतात.

शब्दखोर
सगळ्याचं मूळ भाषांतरात आहे. ‘बंधन’ आणि ‘स्वातंत्र्य’ असे दोन शब्द समोरासमोर ठेवले की मराठी कानाला ते वैरीच वाटणार. ‘बांधिलकी’ म्हणा. धातू तोच, पण बांधिलकी आपण होऊन पत्करतो.

निर्मळचा_तलाव
बांधिलकीचा पुढाऱ्यांनी चोथा केलाय. शिवाय खोटी साक्ष न देणं मी पत्करलं नाही तरी ते मला लागूच. लॅटिन शब्दातही बांधणंच आहे.

शब्दखोर
म्हणजे लॅटिन कळणाऱ्यांसाठी वर्ग चालू ठेवा.

मोकळा_श्वास
बाईंचा तास मान्य. (लिहून ठेवा, परत म्हणणार नाही.) पण मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस काय म्हणतो तेही शिकवा ना: सदसद्विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध जाणं पापच. मग पोराची सदसद्विवेकबुद्धी रविवारी सातच्या क्लासच्या टेस्टला जा म्हणत असेल तर?

निर्मळचा_तलाव
अर्धा अक्वायनस! तोच लगेच विचारतो की ती चुकली कशानं. जे कळायला हवं होतं ते कळून घेतलंच नाही, तर अज्ञानाचाही दोष लागतो. धर्मशिक्षणग्रंथातले परिच्छेद १७९० आणि १७९१ एकाच दमात वाचायचे असतात. रविवारची मिस्सा बंधनकारक, कॅनन (ख्रिस्तसभेच्या कायद्याचं कलम) १२४७. सूट गंभीर कारणासाठी, म्हणजे आजारपण, तान्हं मूल. टेस्ट त्यात बसत नाही.

नववी_ब
सातची टेस्ट पोर ठरवतं का? फी आईबापांनी भरलेली, रिक्षा त्यांनी लावलेली. भीती, सक्ती, सवय यांनी दोष कमी होतो, हे १७३५ मध्ये स्पष्ट लिहिलंय. धर्मशिक्षणात झापता कुणाला? पोराला. क्लास लावणारे बाप पहिल्या बाकावर शांत बसलेले.

आणि मार्ग आहेत, कुणी सांगत नाही एवढंच. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, कॅनन १२४८. तेही जमत नसेल तर १२४५ नुसार धर्मग्रामाचे (पॅरिशचे) फादर योग्य कारण बघून सूट देऊ शकतात किंवा बदल्यात दुसरं काही सांगू शकतात. मुलानं स्वतः जाऊन विचारावं. ते दोन मिनिटांचं विचारणं कार्डावरच्या वर्षभराच्या शिक्क्यांपेक्षा जास्त शिकवतं.

क्लासवाला
दर वेळी क्लासलाच का धरता? शनिवारी संध्याकाळीही टेस्ट असते. नीट परीक्षेची तयारी तुमच्या घंटेवर चालत नाही.

निर्मळचा_तलाव
साहेब, आपण पुरावा द्यायला आलात की कबुली?

मोकळा_श्वास
क्लास राहू द्या, कार्डावर बोला. कॅनन ८८९ दृढीकरणासाठी काय मागतं? समज आलेल्याला योग्य शिक्षण, मनाची तयारी, बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देता येणं. शिक्के कुठे आहेत? आणि ८४३ म्हणतं, योग्य रीतीनं मागणाऱ्या तयार माणसाला संस्कार नाकारू नयेत.

निर्मळचा_तलाव
शिक्षण आणि मनाची तयारी मोजायची कशी? पन्नास-साठ पोरं, दोन शिक्षक. कार्ड ही खूण आहे, अट नव्हे.

मोकळा_श्वास
पुढच्या वर्षावर ढकलता तेव्हा ती अटच होते.

निर्मळचा_तलाव
ठीक. शिक्क्यावरून संस्कार अडवू नये, इथवर येतो. एक पाऊलही पुढे नाही. शिक्के कमी असतील त्या पोराशी दहा मिनिटं बसून बोलावं. पण कार्डच काढलं तर कुणाशी बोलायचं हे कळणार कसं?

शब्दखोर
वहीत नाव लिहून. बांधिलकीनं.

नववी_ब
आता ते चार कार्डांवालं पोर कोण ते शोधा आणि माझ्या वर्गात पाठवा. फळ्यावरचं वाक्य तयार आहे: ‘न आलेल्यांना आल्याचं दाखवलं.’

मोकळा_श्वास
आणि समोर एकच पोर दिसत असताना चारही कार्डांवर शिक्का मारणाऱ्या मोठ्या माणसाचं वाक्य? ‘म्हणून’, ‘साठी’, ‘कारण’ न वापरता लिहा. वाट बघतोय.