झुकत्या चेरीच्या डोक्यावर सरळ फांद्या फुटल्यात, छाटू का?

अंगणवेल:
आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला असतो. घराबरोबरच पुढच्या अंगणातली झुकती चेरी मिळाली. पाचेक फूट सरळ खोड, आणि तिथून सगळ्या फांद्या जमिनीकडे. एप्रिलमध्ये फिकट गुलाबी फुलते. यंदा मात्र डोक्यावरून तीन-चार फांद्या सरळ वर गेल्यात आणि त्यांना पांढरी फुलं आली. खोडावर डिंकही दिसतोय. शेजारी म्हणतात, हिवाळ्यात छाटा. माझा या झाडावर फार जीव आहे, म्हणून आधी विचारते.

रायवळ:
ताई, ही झाडं बहुतेक वेळा साध्या चेरीच्या खुंटावर उंचावर कलम करून विकतात. डोक्याजवळ गाठ दिसेल, तो जोड. आपल्याकडे हापूसच्या कलमाला जोडाखालून खुंटाची फूट येते, तेच झालंय. पांढरी फुलं त्या खुंटाचीच. ही फूट फार जोमदार असते, ठेवलीत तर झुकती जात दबून जाईल. थांबू नका, अगदी बुडापासून काढा. वरवर कापलीत तर तिथूनच पुन्हा फुटेल.

पण प्रत्येक फांदी कुठून निघालीय ते आधी बोटाने चाचपून बघा. जोडाच्या वरची फांदीसुद्धा कधी आधी वर चढते आणि मग वाकते. तिला अजिबात हात लावू नका, झाडाला उंची तिच्यामुळेच येते.

पसायकचा_काठ:
शेजाऱ्यांचं ऐकू नका. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, हिवाळ्यात छाटलंत की फुलं गेली. शिवाय थंड, ओल्या हवेत जखम लवकर भरत नाही आणि रोग शिरतो. जी काही छाटणी करायची ती फुलं ओसरल्यावर, कोरडा दिवस बघून.

आणि नेवार्कचं ब्रांच ब्रुक पार्क पाहिलं नसेल तर नक्की जा. 1927 मध्ये कॅरोलिन बँबर्गर फुल्ड यांनी तिथे दोन हजारांवर चेरी दिल्या. आता पाच हजारांहून जास्त आहेत, वॉशिंग्टनपेक्षाही अधिक! झुकत्याही आहेत.

अंगणवेल:
दोघांचेही मनापासून आभार. गाठ सापडली, सगळ्या फांद्या तिच्या खालूनच आहेत. आजच काढते. डिंकाचं काय करू?

रायवळ:
चेरीला कुठेही इजा झाली की ती डिंक सोडते. नुसता स्वच्छ डिंक असेल तर गवत कापायच्या यंत्राचा घाव लागलाय का, मुळाशी पाणी साचतंय का ते बघा. डिंकात भुसा मिसळलेला दिसला तर आत खोडकिडा आहे, मग जाणकाराला बोलवाच. बुंध्याभोवती आच्छादन म्हणून पसरलेला लाकडाचा चुरा खोडाला टेकला असेल तर वीतभर मागे सारा. आणि डिंकाचा जवळून काढलेला फोटो इथे टाका.