बदलापूर अजून नगरपरिषदच कशी?

तलावपाळी
ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका, पण अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर अजूनही नगरपरिषदाच. लोकलची गर्दी बघता लोकसंख्या कमी आहे हे पटत नाही. शिवाय ठाणे कुठे ‘ब’ वर्ग, तर कुठे ‘एक्स’ असं वाचलं. कायद्यात आकडे काय आहेत?

ऐरोलीकर
नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. ४० हजारांपर्यंत ‘क’ वर्ग, त्यापुढे १ लाखापर्यंत ‘ब’, १ लाखावर ‘अ’. नगरपरिषद व्हायलाच किमान २५ हजार वस्ती लागते आणि ३५ टक्के रोजगार बिगरशेती असावा लागतो. १० ते २५ हजारांच्या, गावातून शहर होत चाललेल्या भागाला नगरपंचायत. आपल्याकडे मुरबाड, शहापूर. महानगरपालिकेला किमान ३ लाख.

पण हे आकडे आजच्या वस्तीचे नव्हेत. लोकसंख्या म्हणजे शेवटच्या जनगणनेची प्रसिद्ध झालेली, म्हणजे अजून २०११ चीच. तेव्हा अंबरनाथ २,५३,४७५ आणि बदलापूर १,७४,२२६. मतदारयादी, पाण्याची जोडणी, टॉवरांची संख्या यातलं काहीच धरत नाहीत. सगळी गोची इथे आहे.

नगरसेवकही याच आकड्यावर ठरतात. ‘अ’ वर्गाला १ लाखापर्यंत ४०, पुढच्या प्रत्येक ८ हजारांमागे एक. अंबरनाथचे वरचे १,५३,४७५ भागिले ८ हजार, पूर्ण १९. म्हणून ५९ जागा. बदलापूरला तसेच ४९. उरलेल्या अपूर्णांकाला जागा नाही.

सेक्टर_सतरा
‘एक्स’ ही भानगड वेगळी. ती केंद्राच्या घरभाडे भत्त्याची वर्गवारी: ५० लाखांवर एक्स, ५ ते ५० लाख वाय, खाली झेड. तिथे एकटं शहर नाही, अख्खा नागरी समूह मोजतात. त्यामुळे ठाणे, नवी मुंबईच काय, नगरपरिषद असलेलं बदलापूरही मुंबईबरोबर एक्समध्ये.

आणि ठाणे ‘ब’, नवी मुंबई ‘क’ ही महानगरपालिकांची वर्गवारी २०१४ च्या शासन निर्णयातली. तिथे लोकसंख्येबरोबर दरडोई उत्पन्न आणि दरडोई क्षेत्रही बघतात. नगरपरिषदेच्या ‘ब’ वर्गाशी हिचा काडीचा संबंध नाही. नावं तीच ठेवून कोणी काय साधलं, देव जाणे.

तलावपाळी
मग दोन्ही नगरपरिषदा एकत्र केल्या तर?

ऐरोलीकर
बेरीज ४,२७,७०१, म्हणजे आकड्याची अडचण सुटते. पनवेलचं २०१६ मध्ये असंच झालं: नगरपरिषद एकटी ३ लाखांत बसत नव्हती, २९ गावं जोडल्यावर ५ लाखांवर गेली. मात्र आकडा गाठला म्हणून दर्जा आपोआप मिळत नाही. आधी मसुदा राजपत्रात येतो, त्यावर हरकती-सूचना मागवतात, मग अंतिम अधिसूचना निघते. हरकत द्यायची तर ती मसुद्याच्या मुदतीत आणि लेखीच द्या. अंतिम अधिसूचनेनंतर कोर्टाशिवाय फारसं काही हाती राहत नाही.