गावच्या वाचनालयात ‘अंतराळ कोपरा’ करायचाय – पुस्तकं, सिनेमे, सहली सुचवा

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला मुंबईत स्थायिक झालेल्या एका गावकऱ्यानं दहा हजार रुपये दिलेत. अट एकच, ‘लेकरांसाठी विज्ञानाचं काहीतरी करा’. आठवी ते बारावीची पोरं-पोरी डोळ्यांसमोर आहेत. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरताना शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं दाखवलं होतं, तेव्हापासून त्यांचे प्रश्न थांबत नाहीत. ‘चंद्रावर प्लॉट घेता येतो का?’ ‘कृष्णविवर सिनेमात दाखवतात तसंच असतं का?’ ‘आमच्या डीपीत (विजेच्या ट्रान्सफॉर्मरात) टाकायला ऑइल नाही, आणि सरकार वर पैसे कशाला पाठवतंय?’ हा शेवटचा प्रश्न एका आजोबांचा, पण पोरांनी उचलून धरलाय.

तर मराठीतली पुस्तकं, दाखवण्यासारखे सिनेमे, आणि एसटीनं सकाळी जाऊन रात्री परत येता येईल अशी ठिकाणं सुचवा. कायदा-धोरण या बाजूचं मला स्वतःला काही कळत नाही, त्यावरही कुणी लिहिलं तर बरं. दुर्बीण घ्यावी का? इंग्रजी पुस्तकांना ना नाही, पण ती आमच्याकडं कपाटाची शोभा होऊन बसतात.

खगोलवेडा_ठाणे
दुर्बिणीचं आधी सांगतो, कारण पैसे तिथंच वाया जातात. ऑनलाइन मिळणाऱ्या, खोक्यावर ‘525 पट’ लिहिलेल्या टेलिस्कोपच्या वाटेला जाऊ नका. स्टँड डुगडुगतो, गुरू सापडेपर्यंत पोरं घरी जातात. त्यापेक्षा 10×50 ची चांगली द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण) घ्या. बजेटच्या निम्म्यात बसेल. हात टेकवून पाहिलं तर गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, देवयानी दीर्घिका, चंद्रावरचे खड्डे सगळं दिसतं. तुमच्याकडं अंधार आहे हो, आम्ही ठाण्यात त्यासाठी तडफडतो! मुंबईचं खगोल मंडळ रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी लोकांना वांगणीला घेऊन जातं, ते काय उगीच? सोबत एक तारकाचक्र (कधी कुठले तारे दिसतील ते दाखवणारी फिरती तबकडी) घ्या. आणि द्विनेत्रीतून सूर्याकडं बघायचं नाही, ही पाटी मोठ्या अक्षरात लावा.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांसाठी काम करतेय. त्यांनाही लिहून बघा.

मुक्ता_के
पुस्तकांमध्ये जयंत विष्णू नारळीकर आधी, बाकीचे नंतर. ‘यक्षांची देणगी’ आणि ‘प्रेषित’ घ्याच. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून. पोरांना हा किस्सा आधी सांगा, मग पुस्तक हातात द्या. माहितीपर हवं तर त्यांचंच ‘आकाशाशी जडले नाते’. ते कुणी एका बैठकीत वाचणार नाही, पण शंका आली की उघडायला घरात हवं असं आहे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ (2014 चा साहित्य अकादमी) अकरावी-बारावीसाठी. जाड आहे, पण केंब्रिजचा भाग पोरं वाचतात.

‘अग्निपंख’ सगळेच सुचवतील. मी एका कारणासाठी सुचवते. कलाम प्रकल्प संचालक असताना एसएलव्ही-3 रॉकेटचं पहिलं उड्डाण 10 ऑगस्ट 1979 ला समुद्रात गेलं आणि 18 जुलै 1980 ला दुसरं यशस्वी झालं. मधल्या अकरा महिन्यांत काय चाललं होतं ते वाचायला लावा. मोहन आपटे यांची खगोलशास्त्रावरची पुस्तकं जुन्या ग्रंथप्रदर्शनांत स्वस्तात मिळतात, दिसतील ती उचला.

तिसरी_घंटा
सिनेमे माझ्याकडं द्या. :)

‘इंटरस्टेलर’ (2014) दाखवा, पण तुकड्यातुकड्यात, थांबवून समजावत. त्यातलं कृष्णविवर निव्वळ कल्पनेनं रंगवलेलं नाही. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानं समीकरणं दिली आणि ती सोडवून चित्र तयार झालं. शेवटाकडं पुस्तकांच्या कपाटामागचं जे चालतं, ती मात्र कल्पनाच. ‘द मार्शन’ (2015) पोरांना सगळ्यांत जास्त आवडेल, कारण शेती आहे. फक्त ज्या वादळानं कथा सुरू होते ते तसं शक्य नाही. मंगळाचं वातावरण आपल्या शंभराव्या हिश्श्याइतकं विरळ, तिथला वारा यान आडवं पाडणार नाही. हे आधी सांगू नका, सिनेमा झाल्यावर विचारा. आणि ‘अपोलो 13’ (1995). चंद्रावर न पोचता परत येण्याची गोष्ट इतकी थरारक असू शकते, हे त्यातून कळतं.

इस्रोच्या मंगळयानावरचा ‘मिशन मंगल’ (2019) मी स्वतः दाखवणार नाही. गाणी, घरगुती भांडणं, आणि इस्रो म्हणजे जणू मोठ्ठं स्टाफरूम.

मुक्ता_के
असहमत! पुरी तळताना गॅस बंद करून तापलेल्या तेलावर काम भागवायचं, हा प्रसंग आमच्या आईला सुद्धा कळला. सामान्य माणसाला इंधनाची बचत समजावणारा दुसरा प्रसंग दाखवा.

तिसरी_घंटा
कळला, पण चुकीचा कळला ना. खरी युक्ती त्याहून भारी होती. पीएसएलव्ही रॉकेटात मंगळयानाला थेट मंगळाकडं ढकलण्याएवढी ताकद नव्हती. म्हणून 5 नोव्हेंबर 2013 ला ते पृथ्वीच्याच लांबट कक्षेत सोडलं, पृथ्वीजवळ आलं की दरवेळी इंजिन थोडं चालवून कक्षा ताणत नेली, आणि 1 डिसेंबरला मंगळाच्या वाटेला लावलं. हे दोरीला दगड बांधून अंगणात करून दाखवता येतं. पुरी कशाला?

मुक्ता_के
दोन्ही दाखवा, पूर्णाकाठ. आमचं भांडण चालू राहील.

हिंगोलीकर
@तिसरी_घंटा, किप थॉर्नचं नाव घेतलंत आणि तिथंच थांबलात? त्यांना 2017 चं नोबेल मिळालं ते गुरुत्वीय लहरींसाठी, लायगो प्रयोगाबद्दल. आणि त्याच लायगोची भारतातली वेधशाळा कुठं होतेय? आमच्या औंढा नागनाथला! पूर्णाकाठ, जिंतूरहून औंढा म्हणजे तुमचा शेजारच झाला.

केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटींना मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यात लेसर. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की तिथून निघालेल्या लहरींनी त्या नळ्यांच्या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. अमेरिकेत तो पहिल्यांदा 14 सप्टेंबर 2015 ला पकडला गेला. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचं अशा लहरी ओळखण्याच्या पद्धतींवर त्याच्या कितीतरी आधीपासून काम होतं. सहल म्हणून मात्र वेधशाळा उभी राहीपर्यंत फारसं काही बघायला मिळणार नाही. पण सिनेमा दाखवल्यावर ‘हे यंत्र आपल्या शेजारच्या तालुक्यात येतंय’ एवढं सांगा आणि पोरांची तोंडं बघा.

पूर्णाकाठ
औंढ्याला आम्ही महाशिवरात्रीला जातो. लायगो ऐकून होतो, पण ते सिनेमातल्या कृष्णविवराशी जोडलेलं असेल हे डोक्यात नव्हतं. भारी.

खगोलवेडा_ठाणे
सहलीसाठी मंठ्यावरून लोणार गाठा. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्कापातानं झालेलं आहे, आणि तेही बेसॉल्टमध्ये. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. कधी पडली ती उल्का? 50 हजार वर्षांपासून पावणेसहा लाखांपर्यंत वेगवेगळे अंदाज आहेत. पोरांना दोन्ही आकडे सांगा. विज्ञानात असंही चालतं, हे कळू दे. दैत्यसूदनाचं देऊळ बघा, लवणासुराची गोष्ट सांगा, पण मग विवराच्या काठावर उभं करून समोरचा काठ दाखवा. उन्हाळ्यात नेऊ नका.

लांबची सहल परवडली तर 28 फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्या वेळी लोकांसाठी खुली असते. एसटीनं एका दिवसात होणार नाही, मुक्काम धरा.

गोदातीर
श्रीहरिकोटाही होऊ शकतं. उड्डाण बघायला इस्रोनं गॅलरी केलीय, ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ओळखपत्र लागतं, जवळचं स्टेशन सुल्लुरपेटा. मात्र उड्डाण पुढं ढकललं गेलं तर सगळी सहल वाया, आणि असं होतं. लहान मुलांचा मोठा गट असेल तर मी तरी हा जुगार खेळणार नाही.

कायदेकानू
धोरणाचा प्रश्न सगळ्यांनी अलगद टाळलाय, म्हणून लिहिते.

चंद्रावरच्या प्लॉटचं उत्तर एका ओळीत: नाही. 1967 चा अंतराळ करार म्हणतो की चंद्र किंवा कुठल्याही ग्रहावर कुठलाच देश मालकी सांगू शकत नाही. देशालाच मालकी नाही तर तो सातबारा देणार कुठून? प्रमाणपत्र विकणाऱ्या वेबसाइटी म्हणजे फक्त कागद. पण खाणीतून काढलेल्या वस्तूचं काय, इथं खरी मेख आहे. अमेरिकेनं 2015 मध्ये कायदा करून आपल्या कंपन्यांना काढलेल्या वस्तूवर हक्क दिला. चंद्राची संपत्ती साऱ्या मानवजातीची असं म्हणणाऱ्या 1979 च्या चंद्र करारावर भारतानं 1982 मध्ये सही केली, पण तो मंजूर केला नाही. आणि जून 2023 मध्ये भारत अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या आर्टेमिस करारात सामील झाला, ज्यात साधनसंपत्ती वापरायला हरकत नाही असा सूर आहे. बारावीच्या पोरांना यावर वादविवाद ठेवा, दोन्ही बाजूंना दमदार मुद्दे आहेत.

देशातलं सांगायचं तर ‘भारतीय अंतराळ धोरण 2023’ जेमतेम दहा-बारा पानांचं आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी आहे, पण तुम्ही वाचून पोरांना सांगू शकाल. त्याचा गाभा असा: इस्रोनं संशोधन करावं, व्यापार ‘एनसिल’ या सरकारी कंपनीनं सांभाळावा आणि खासगी कंपन्यांना परवानगी अहमदाबादच्या ‘इन-स्पेस’नं द्यावी. 18 नोव्हेंबर 2022 ला स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीचं छोटं रॉकेट उडालं ते धोरणाच्या आधी, पण ‘इन-स्पेस’च्याच परवानगीनं. संसदेनं केलेला सर्वंकष कायदा मात्र अजून नाही, आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे. धोरणावरून कोर्टात नुकसानभरपाई मागता येत नाही.

जाता जाता: सिनेमे गावात जाहीर दाखवायला परवाना लागतो. वकील आहे, सांगणं भाग आहे.

झाडीपट्टी
नुकसानभरपाईचं निघालंच आहे तर आमच्या सिंदेवाहीचं सांगतो न. 2 एप्रिल 2022, पाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळत जळत काहीतरी गेलं, अर्ध्या महाराष्ट्रानं पाहिलं. लाडबोरी गावात धातूचं कडं सापडलं, दहा फूट रुंद असन. आजूबाजूच्या गावांत धातूचे पोकळ गोळे. लोकं म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे बॉम्ब. पोलिसांनी ठाण्यात नेऊन ठेवलं, मग इस्रोवाले येऊन पाहून गेले. चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा टप्पा असावा असं अभ्यासकांचं म्हणणं. कोणाला लागलं नाही हे नशीब. घरावर पडलं असतं तर?

कायदेकानू
झाडीपट्टी, हे उदाहरण सोन्यासारखं आहे! 1972 चा दायित्व करार भारत आणि चीन दोघांनाही लागू आहे. जमिनीवर नुकसान झालं तर सोडणाऱ्या देशाची चूक होती की नव्हती हे बघायचंच नाही, भरपाई द्यायची. मात्र दावा गावकऱ्यानं नाही, भारत सरकारनं मांडायचा, तोही साधारण वर्षाच्या आत. असं एकदा झालंय. 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस 954 उपग्रह कॅनडात पडला. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, तीस लाखांवर तडजोड झाली. आणि गंमत म्हणजे पडलेल्या अंतराळ वस्तू परत करण्याच्या 1968 च्या करारानुसार चीननं मागितलं तर ते कडं परतही द्यावं लागेल.

बोरूबहाद्दर
एक खुसपट. चांद्रयान-3 ‘दक्षिण ध्रुवावर’ उतरलं असं पोस्टरवर लिहू नका. ते 69 अंश दक्षिणेला उतरलं, ध्रुवापासून सहाशे-सव्वासहाशे किलोमीटर लांब. दक्षिण ध्रुवाच्या बाजूला इतकं जवळ आधी कुणी अलगद उतरलं नव्हतं, एवढं पुरेसं मोठं आहे. आणि कोपऱ्यात चांद्रयान-2 ला जागा द्या. 7 सप्टेंबर 2019 ला त्याचं लँडर ‘विक्रम’ चंद्रावर आपटलं. त्यानंतर पुढच्या लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, पाचऐवजी चार इंजिनं ठेवली, उतरायची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनावरून चार बाय अडीच किलोमीटरच्या आसपास नेली. टाळ्यांच्या व्हिडिओपेक्षा हा तक्ता भिंतीवर लावा.

आजोबांच्या प्रश्नाला ‘देशाची मान उंचावते’ हे उत्तर देऊ नका, ते ऐकणार नाहीत. टीव्हीवरचं ढगांचं चित्र इन्सॅट उपग्रहाचं असतं, हे दाखवा. इस्रोचं ‘भुवन’ हे संकेतस्थळ मोबाइलवर उघडून त्यांचं शेत शोधून द्या. डीपीचं ऑइल त्यानं येणार नाही हेही मान्य करा, तो खर्च आणि हा खर्च वेगळ्या खिशातला आहे आणि पहिला का होत नाही हे विचारणं रास्त आहे.

पूर्णाकाठ
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते असं: द्विनेत्री आणि तारकाचक्र, उरलेल्या पैशांत मुक्ताताईंची यादी. दिवाळीनंतर लोणार. आणि 23 ऑगस्टच्या अंतराळ दिनाला भाषणांऐवजी अभिरूप खटला, ‘लाडबोरीचं कडं घरावर पडलं तर’. कायदेकानू ताई, दोन पानांत कैफियत लिहून द्याल का, नववीच्या पोरांना वाचता येईल अशी?

कायदेकानू
देते. पण दोन्ही बाजूंची देईन. चीनच्या बाजूनं उभी राहणारी टीम आधी ठरवा, शेवटच्या दिवशी कुणी तयार होत नाही.

झाडीपट्टी
कड्याचे फोटो पेपरात आले होते, शोधून पाठवतो. माप बरोबर घ्या, पुठ्ठ्याचं केलं तर दारातून जायचं नाही.